शंभर म्हणजे वीस

कायारच्या किनाऱ्यावर, बर्फाच्या शेडमध्ये,
संध्याकाळी सात ते साडेआठ माझा वर्ग.
फळा म्हणजे मोडलेल्या होडीची एक फळी,
कडेला अजून निळा रंग
आणि कुठल्यातरी नावाचं उरलेलं शेपूट.
चौदा बायका. हात मिठाने चिरलेले.
पहिल्या दिवशी पेन्सिली वाटल्या
तर मागेतने ती मासा धरतात तशी धरली,
निसटेल म्हणून, कल्ल्यापाशी घट्ट.

मी तिएसहून आलेली. कॉलेजात गणित घेतलेलं.
फळीवर लिहिलं, १००.
वाचा.
कोदू म्हणाली, वीस.
मी म्हटलं, चूक.
सगळ्या म्हणाल्या, वीस.

कोदू लंगडत पुढे आली,
कमरेची गाठ सोडून शंभर फ्रँकचं नाणं काढलं,
माझ्या तळहातावर ठेवलं.
हे किती?
आणि माझ्याच तोंडून, बाजारातल्या सवयीने,
निघून गेलं: वीस.

कारण आमच्या वोलोफात पैसे पाचापाचाने मोजतात.
पाच फ्रँकचा एक देरेम, शंभराचे वीस.
मीही असेच घेते रोज कांदे, साबण,
फक्त वर्गात शिरताना
चप्पल काढावी तसं ते दाराबाहेर काढून ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी फळीवर दोन रकाने आखले,
एक नाण्याचा, एक तोंडाचा.

आमच्यात सहाला स्वतःचं नावसुद्धा नाही.
पाच-नि-एक. सात म्हणजे पाच-नि-दोन.
एक हात भरला की दुसऱ्याची बोटं.
म्हणून बेरजेतला हातचा समजावायला मी
दोन दिवस राखून ठेवले होते, ते वाया गेले.
हातचा हातातच असतो की, यांदे म्हणाली,
तू कुठे ठेवतेस?

अक्षरांनी मात्र रडवलं.
बी आणि डी तर महिनाभर एकमेकींचे कपडे घालून फिरत होत्या.
शेवटी यांदेनेच सोडवलं:
बी, तिचं पोट पुढे आलंय.
डी, तिचं पोर आता पाठीवर.
त्यानंतर कुणी चुकलं नाही.

कोदूच्या नावाला पाच अक्षरं लागतात.
म्हणजे एक हात, ती म्हणाली,
आणि उरलेला हंगाम तिने तो हात गिरवला,
वाळवणाच्या तट्ट्यांवर, खवल्यांत, धुराने काळ्या झालेल्या पत्र्यावर.

हंगाम संपला त्या आठवड्यात
ती बीराम व्यापाऱ्याची वही घेऊन आली.
कशी मिळवली ते मी विचारलं नाही.
अकरा वर्षं त्या वहीत तिचा अंगठा उठत होता.
आता ती आपलं पान शोधत होती,
पाच अक्षरं, पानापानाच्या माथ्यावर बोट फिरवत.
सापडलं ते तळातून: अंगठा, ओळखीचा, मधोमध चीर असलेला.
वर नाव नव्हतं.
वर जे होतं ते तिने जोडत जोडत वाचलं,
मोठ्याने, कारण मीच सांगितलं होतं मोठ्याने वाचा:

लं. ग. डी.

बर्फाचं पाणी नाल्यात टपकत होतं.
मला फळी पुसायची होती.
फळीवर काही नव्हतं.

कोदूने पान उलटलं नाही.
त्याखालची बेरीज करायला बसली.
बोटं मुडपली, उघडली, एक ओळ खोडून पुन्हा केली,
मग खालून वर एकदा, मी शिकवलं होतं तशी.
बीराम चुकला होता. चार हजारांनी.
तोंडाच्या रकान्यात आठशे.
आणि चूक तिच्या फायद्याची होती.

बाई, चूक दिसली की सांगायचीच,
असं तू म्हणाली होतीस ना?
म्हणाले होते.

तिने वही मिटली,
पेन्सिल डोक्याच्या रुमालात खोचली.
सांगेन की.
आधी त्याला नाव दुरुस्त करू दे.